बंदुकीवरची बॅटरी आणि रानातली जागल

गेल्या वेळी या सदरात आपण बोअरच्या मोटारीचा स्टार्टर का जळतो ते पाहिलं. त्यावर बऱ्याच जणांनी कळवलं, त्यांचे आभार. या महिन्यातला विषय मी निवडलेला नाही, तो रानानंच दिला. सोयाबीन निघून गेलं, तूर फुलोरा टाकून शेंगांवर आली, शाळू गुडघ्याच्या वर गेला, आणि चिंताकीच्या शिवारात रात्रीची जागल सुरू झाली. त्याबरोबर दरवर्षीचा प्रश्नही आला. यंदा तो तिघांनी विचारला आणि त्यातला एक माझा पुतण्याच.

“काका, आजोबाच्या बंदुकीला बॅटरी बसवून द्या. हजार-दीड हजारात बसंल तशी.”

“कशाला रं?”

“कशाला म्हंजे? डुकरं रात्री येतात. एका हातात बॅटरी न् एका हातात बंदूक, कसं जमावं?”

प्रश्न रास्त आहे. एक एकर तुरीत रानडुकरांचा कळप एक रात्र फिरला, तर सकाळी बांधावर उभं राहवत नाही. खाण्यापेक्षा तुडवणं जास्त. भुईमूग आणि ऊस असला तर विचारूच नका. पुण्या-मुंबईला किंवा परदेशी असलेल्या आपल्या वाचकांना सांगतो, आपल्या भागात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. आत घालतात तो ‘सेल’. या लेखात मी तेच शब्द वापरणार आहे.

पुतण्याला मी जे सांगितलं, तेच इथं नीट लावून सांगतो. बॅटरी कशी निवडायची, पैसे कुठं वाचवायचे, बंदुकीवर बसवायची तर कशी, आणि बसवावी का, हे सगळं. पण सुरुवात कायद्यापासून, कारण तो माहीत नसेल तर पुढचा सगळा खर्च पाण्यात आणि वर कोर्टाच्या तारखा.

आधी कागद

आपल्या औराद तालुक्यात घरोघरी ज्या जुन्या बंदुका आहेत, त्यातल्या बहुतेक रायफली नव्हेत. नळीच्या आत पेचदार खाचा असतात ती रायफल. आतून गुळगुळीत असते ती साधी बंदूक, म्हणजे एकनळी किंवा दुनळी बारा बोअर, नाहीतर ठासणीची. रायफल असलीच तर एखाद्याकडं ३१५ बोअरची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळं आपल्याकडचे जुने परवाने बरेचसे त्याच कारणाचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. कोडगूमधल्या कोडवा लोकांना परवान्यातून सूट आहे, ती आपल्याला नाही. वडील वारले आणि बंदूक तशीच माळ्यावर राहिली, असं असेल तर बॅटरीचा विचार बाजूला ठेवा. आधी पोलीस ठाण्यात जाऊन ती नावावर करण्याचं किंवा जमा करण्याचं बघा.

दुसरा कागद वन्यजीव कायद्याचा, १९७२ चा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, ही गोष्ट आपल्याकडं दहातल्या आठांना ठाऊक नसते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका झाला तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत. बिदरच्या माळावर काळविटांचे कळप आपण लहानपणापासून बघत आलो, हरभऱ्यात तेही तोंड घालतात, पण त्याच्यावर गोळी म्हणजे सरळ तुरुंग. रात्री बंदूक, तिच्यावर बॅटरी, आणि गाडीत कुणीतरी, असं दृश्य वनखात्याच्या गार्डला दिसलं तर तो त्याला शिकारच समजणार. त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

म्हणून पुतण्याला पहिली गोष्ट ही सांगितली की बंदुकीवर बॅटरी बसवायच्या आधी, ज्यांनी परवाना दिला त्या कार्यालयाला लेखी विचार, आणि वनखात्याच्या परवानगीचा कागद खिशात असल्याशिवाय ती बंदूक रात्री रानात नेऊ नकोस.

उजेड आणि नळी एका काठीला

तो थोडा नाराज झाला. “मारायची कुठं म्हणतोय मी? हवेत बार काढायचा, भ्यायला पायजेत.” मग मी एक काम केलं. घरातली साधी बॅटरी एका काठीच्या टोकाला चिकटपट्टीनं बांधली, काठी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, ही तुझी बंदूक. आज रात्रभर याच बॅटरीनं राखण कर, दुसरी बॅटरी घ्यायची नाही. आणि या काठीचा उजेड कुणाकुणाच्या अंगावर पडला ते सकाळी सांग.

सकाळी त्यानं बोटं मोजून सांगितलं. जेवण घेऊन आलेल्या आईच्या अंगावर. शेजारच्या रानात मचाणावर झोपलेल्या सालगड्याच्या अंगावर दोनदा. थ्री फेजची पाळी रात्री होती म्हणून मोटार चालू करायला निघालेल्या शेजाऱ्याच्या तोंडावर. रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्यावर. आणि आखाड्यावर बांधलेल्या आमच्याच गाईवर. एका रात्रीत सहा वेळा. डुक्कर एकदाही दिसलं नाही.

बंदुकीवरच्या बॅटरीची मूळ अडचण ही आहे. ज्या बाजूला उजेड, त्या बाजूला नळी. माणूस अंधारात आवाजाच्या दिशेनं उजेड मारतोच, तो स्वभाव आहे. बॅटरी बंदुकीवर असली की प्रत्येक खसखशीला आपण भरलेली बंदूक रोखतो. तुरीच्या उंच पाटीत काय खसखसतंय हे आपल्याला माहीत नसतं. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या देशभरातून दरवर्षी येतात, त्यातले कित्येक मेलेले लोक राखणीलाच गेलेले असतात.

हवेतल्या बाराचंही तसंच. आपला मुलूख सपाट. रायफलची गोळी दीड-दोन किलोमीटरच्या पलीकडं जाऊ शकते. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटर जातात, मोठे दाणे त्याहून लांब. चांगल्या बॅटरीत आपल्याला नीट दिसतं साठ-सत्तर मीटर. म्हणजे उजेड संपतो तिथून गोळीचा खरा प्रवास सुरू होतो, आणि त्या अंधारात कुणाचा आखाडा आहे ते आपल्याला दिसत नाही.

म्हणून नियम असा धरा. बघायचा उजेड डोक्यावर आणि हातात. बंदुकीवर उजेड असलाच तर तो शोधायला कधीच नाही. जे आधी हातातल्या बॅटरीत ओळखलं, नक्की केलं, त्याच्याचसाठी. ज्याला हे पाळता येणार नाही त्यानं बंदुकीवर काही बसवू नये.

बॅटरी ओळखावी कशी

आता पैशाची गोष्ट. आमच्या वडिलांच्या वेळी एव्हरेडीची नाहीतर जीपची तीन सेलची लांब बॅटरी असायची. पितळी असली तर घराची शान. आता बाजारात शंभर प्रकार, आणि डब्यावर लिहिलेलं निम्मं खोटं. खरं-खोटं कळायला तीन आकडे पुरतात.

पहिला लुमेन. बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं हे माप. दुसरा कँडेला. तो उजेड एका दिशेला किती जोरात जातो त्याचं माप. रानासाठी कँडेला महत्त्वाचा. लुमेन जास्त आणि कँडेला कमी असेल तर पायाजवळ लख्ख उजेड आणि लांब अंधार. कंपन्या ‘पल्ला’ काढतात तो असा: कँडेलाचं वर्गमूळ घ्या आणि दुप्पट करा, तेवढे मीटर. दहा हजार कँडेलाचं वर्गमूळ शंभर, म्हणजे पल्ला दोनशे मीटर. पण त्या दोनशे मीटरवर उजेड किती उरतो? साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. चांदण्यात दोनशे मीटरवरचं कुत्रं की डुक्कर, सांगता येईल का? म्हणून डब्यावरच्या पल्ल्याचा चौथा हिस्सा धरा. दोनशे लिहिलं असेल तर पन्नास मीटरवर जनावर ओळखू येईल. सपाट रानात राखणीला तेवढं पुरतं.

तिसरा आकडा सेलचा. आजकाल चार्जिंगच्या चांगल्या बॅटऱ्यांत ‘१८६५०’ नावाचा सेल असतो. नावातच माप आहे, अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब. या मापाच्या सेलमध्ये आजच्या घडीला साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच क्षमता मावते. त्यावर ‘९९००’ लिहिलेलं दिसलं तर दुकानातून खाली उतरा. हातात घेऊनही कळतं. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बराच हलका लागतो. सोनाराच्या काट्यावर ठेवून बघा, हसतील पण बघू देतात.

आता साधा हिशेब. तीन हजार एमएएचच्या सेलमध्ये साधारण अकरा वॅट-तास वीज. चांगला एलईडी एका वॅटला शंभरेक लुमेन देतो. म्हणजे तीनशे लुमेनवर साडेतीन तास, हजार लुमेनवर जेमतेम एक तास. जो डबा ‘पन्नास हजार लुमेन, दहा तास’ सांगतो, तो तुमच्या शाळेतल्या गणिताची परीक्षा घेतोय असं समजा.

या शिवाय चार गोष्टी दुकानातच बघून घ्या.

काच उघडता आली तर आतली वाटी बघा. आरशासारखी गुळगुळीत आणि खोल वाटी उजेड लांब फेकते. खरखरीत आणि उथळ वाटी जवळ पसरवते. हातातल्या बॅटरीला पहिली, डोक्यावरच्या बॅटरीला दुसरी.

रंग थोडा पिवळसर घ्या. निळसर पांढरा उजेड डोळ्याला जास्त वाटतो, पण त्यात वाळका कडबा आणि जनावराचं अंग वेगळं ओळखायला त्रास होतो. आणि मार्गशीर्षात पहाटे धुकं उतरलं की डोक्यावरची बॅटरी बंद करून हातातली कंबरेपाशी धरा. उजेड डोळ्याजवळून निघाला की धुक्यावर आपटून परत डोळ्यातच येतो. मोटारीचे धुक्याचे दिवे खाली असतात, ते यासाठीच.

डोक्यावरच्या बॅटरीला लाल दिवा असेल तर उत्तम. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ते क्षणात जातं. आखाड्यावर चहा करायला, चप्पल शोधायला लाल दिवा वापरा. मात्र चालताना पांढराच, आणि तो पायापुढं. घोणस आणि मण्यार यांनाही हाच मोसम मिळालेला असतो.

पाण्याचं ‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोडे सोसते, ‘आयपीएक्स ८’ म्हणजे पाण्यात पडली तरी चालते. राखणीला चार पुरे. पाटात पडायची सवय असेल तर आठ.

बसवायचीच असेल तर

ज्यांच्याकडं दोन्ही कागद आहेत आणि ज्यांना खरोखर गरज आहे, त्यांच्यासाठी आता बसवण्याची रीत. यात स्वस्तात काम होतं, पण चार ठिकाणी कंजुषी करू नये.

सगळ्यात आधी बंदूक उघडा, नळी रिकामी आहे का बघा, पुन्हा बघा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पोरंबाळं आसपास नकोत. काम दिवसा करा.

बंदुकीवर बसवायची बॅटरी वेगळी लागते. बार उडाला की मागं धक्का बसतो आणि त्या धक्क्यानं आतला सेल मागं-पुढं आपटतो. ज्या बॅटरीत फक्त मागच्या झाकणाला स्प्रिंग असते, ती धक्क्याला लुकलुकते किंवा विझते. दोन्ही टोकांना स्प्रिंग असलेली घ्या. तपासणी सोपी: बॅटरी चालू करून मागचं टोक तळहातावर आठ-दहा वेळा जोरात आपटा. लुकलुकली की ठेवून द्या. बटण मागच्या टोकाला हवं आणि हलकं दाबलं की पेटणारं, सोडलं की विझणारं हवं. पाच प्रकारचे उजेड आणि फडफडणारा दिवा असलेली बॅटरी नको. नेमक्या वेळी बटण दाबावं आणि दिवा फडफडायला लागावा, हे कुणाला परवडत नाही. अंगानं सरळ नळकांड्यासारखी, पंचवीस मिलिमीटर जाड असेल तर पकडीचे क्लॅम्प सहज मिळतात. वजन जेवढं कमी तेवढं बरं, कारण नळीच्या टोकाकडं वजन वाढलं की बंदूक पुढं झुकते.

नव्या रायफलीला कधीकधी खाचांची पट्टी असते, तिला ‘पिकाटिनी’ म्हणतात. तिच्यावर कडी सरळ बसते. दुर्बीण असेल तर दुर्बिणीच्या नळीवर कडी घालणारेही असतात. तसं केलं तर स्क्रू बेतानं आवळा, दुर्बीण चेपते. आपल्या जुन्या एकनळीला यातलं काहीच नसतं. तिला आठच्या आकड्यासारखा क्लॅम्प लागतो, एका घेरात नळी आणि दुसऱ्या घेरात बॅटरी. क्लॅम्प लावल्यावर बंदूक पूर्वीसारखी मोडते का, लाकूड निघतं का, माशी दिसते का, ते बघा.

इथं एक ठाम गोष्ट. नळीला ड्रिल मारायचं नाही, वेल्डिंग नाही, झाळणं नाही. नळी गरम झाली की तिचा पोलाद बदलतो आणि पुढच्या बाराला ती फाटू शकते. शिवाय हत्याराची दुरुस्तीसुद्धा परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच करून घ्यावी लागते. गावातल्या वेल्डिंगवाल्याला दोनशे रुपये देऊन ते करून घेणं हा त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठी, दोघांसाठी गंभीर गुन्हा आहे.

क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे नळीला ओरखडा पडत नाही आणि पकड घट्ट बसते. पण रबराखाली ओल धरते. मोसम संपला की क्लॅम्प काढून नळी तेलानं पुसायची, नाहीतर तिथं गंजाची पट्टी उमटते. स्क्रू आवळून झाला की स्क्रू आणि क्लॅम्प या दोन्हींवरून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला. ही युक्ती आमच्या घरात सूनबाईंनी सुचवली, नेलपॉलिशही त्यांचंच.

बॅटरीची काच नळीच्या तोंडाच्या पुढं जाता कामा नये, बाराच्या आगीनं आणि काजळीनं ती काळी पडते किंवा फुटते. फार मागं घेतली तर नळीची सावली उजेडात पडते. तोंडापासून वीतभर मागं हे साधारण बरं. वायर असलेलं बटण असेल तर ती वायर चापाच्या जवळून जाऊ देऊ नका. अंधारात बोट बटण शोधत चापावर गेलं तर काय होईल, ते सांगायला नको.

शेवटी दिवेलागणीला रिकामी बंदूक गोठ्याच्या भिंतीकडं रोखून पंचवीस मीटरवरून उजेड बघा. उजेडाचा मधला लख्ख गोळा माशीच्या आसपास पडला की झालं. उजेडाचा गोळा म्हणजे नेम नव्हे. तो फक्त समोर काय आहे ते दाखवतो.

ठासणीच्या बंदुकीला मात्र बॅटरी बसवूच नका. खाली गज असतो, तो अडतो. आणि काळ्या दारूचा पांढरा धूर समोर उभा राहिला की उजेड त्या धुरावरून परत येतो. दोन-तीन क्षण डोळ्यांपुढं पांढरी भिंत.

हे सगळं पूर्वी कसं असायचं याची आठवण म्हणून एक नोंद. गढवालमध्ये रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं सरकारी हिशेबानं सव्वाशे माणसं मारली. जिम कॉर्बेटनं १९२६ मध्ये गुलाबराय इथं आंब्याच्या झाडावर बसून त्याला मारलं, तेव्हा त्याच्या रायफलीला बॅटरी लावलेली होती. झाडावर बसलेल्या त्या माणसाची दिशा ठरलेली होती आणि समोर बांधलेली शेळी होती. तो फिरत राखण करत नव्हता. आपल्या कामाचं आणि त्या कामाचं एवढं अंतर आहे.

खर्च, आणि त्याहून स्वस्त

पुतण्याच्या दीड हजारांचं काय केलं ते सांगतो. डोक्यावरची बॅटरी साडेचारशेला. हातातली, १८६५० सेलची, लांब उजेडाची, साडेसहाशेला. एक जादा अस्सल सेल साडेतीनशेला. चौदाशे पन्नास झाले. उरलेल्या पन्नासाचे आम्ही चौकात भजे खाल्ले. क्लॅम्प घेतला नाही. तीन-चारशेला मिळतो, पण परवानगीचा कागद हातात येऊ दे, मग बघू, असं ठरलं.

बंदूक घरातच आहे, कुलुपात. काडतुसं वेगळ्या कुलुपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नाहीत. सेलचंही तसंच. हे लिथियमचे सेल पोरांच्या हाती देऊ नका, किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. दोन टोकं जोडली गेली तर खिशात आग लागते.

राखण मात्र सुरू आहे, आणि ती जुन्याच हत्यारांवर. दोन आखाड्यांनी मिळून पाळी लावली, एकटा माणूस रात्री फिरत नाही. शिट्टीची खूण ठरली: एक शिट्टी म्हणजे मी तुझ्या बाजूला येतोय, दोन म्हणजे डुकरं तुझ्याकडं. प्रत्येकाच्या पाठीवर सायकलला लावतात ती चमकणारी पट्टी शिवली, म्हणजे उजेड पडला की माणूस ओळखू येतो. दहा रुपयांची पट्टी. डबडी वाजतात, कुत्री आहेत. डुकरं मूर्ख नसतात, एकच आवाज चार दिवसांत ओळखतात. म्हणून वेळ आणि जागा बदलत राहायची.

ज्यांना जमेल त्यांनी सौर कुंपणाचा विचार करावा. त्यात सेकंदाला एकदा, क्षणभराचा झटका असतो, जनावर दचकतं पण मरत नाही. पण खांबावरची २३० व्होल्टची तार थेट कुंपणाला जोडण्याचा ‘स्वस्त उपाय’ कुणी सांगितला तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. त्या तारेनं पाणी द्यायला गेलेली माणसंही जातात, आणि तार जोडणारा तुरुंगात जातो. नुकसान झालंच तर सकाळीच फोटो काढा, पंचनामा करून घ्या आणि वनखात्याकडं भरपाईचा अर्ज द्या. पैसे यायला वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात. पण मारायची परवानगी मागायला जाल तेव्हा हेच अर्ज पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

वेळ अमावस्या जवळ आली आहे. भज्जी, आंबील आणि उंडे घेऊन सगळी पाहुणेमंडळी रानात येतील, लेकरं तुरीत लपाछपी खेळतील, काही गावांत संध्याकाळी पेटता टेंभा घेऊन रानाभोवती फेरी होईल. त्या दोन-तीन दिवसांत रानात नेहमीपेक्षा चौपट माणसं असतात आणि त्यातली निम्मी शहरातून आलेली, वाटा न माहीत असलेली. ज्यांच्याकडं कागद-परवानगी सगळं आहे, त्यांनीही त्या रात्री बंदूक घराबाहेर काढू नये, ही माझी हात जोडून विनंती.

तुमच्या गावात जागल कशी करतात, शिट्टीच्या खुणा काय आहेत, कुणी सौर कुंपण केलं असेल तर किती मीटरला किती खर्च आला, ते मंडळाकडं जरूर कळवा. भालकी, बसवकल्याण आणि आळंद भागातून आलेली माहिती एकत्र करून देता येईल. पुढच्या महिन्यात कडबाकुट्टीच्या यंत्राचं पातं घरच्या घरी धार लावून कसं बसवायचं, ते पाहू. तोवर रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि डोक्याला बॅटरी.